जुनं जर्मन चिलखत घेण्याआधी आतून बघा

तुम्ही म्युनिकजवळच्या लिलावातल्या चिलखताचे चार फोटो टाकून विचारलंय, 'दक्षिण जर्मनी, सुमारे १५००, नंतरच्या दुरुस्त्यांसह' असं वर्णन आहे, पत्रा आरशासारखा चमकतोय, तर याची स्थिती चांगली म्हणायची का? माझं उत्तर असं, की चारही फोटो बाहेरून काढलेले आहेत, त्यामुळे स्थितीबद्दल ते फारसं काही सांगत नाहीत. आणि ती चमक मला आवडलेली नाही.

धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या कुणालाही पहिल्यांदा एकच गोष्ट हवी असते, आतली बाजू. पण त्याआधी ही वस्तू नेमकी कशासाठी होती ते बघू. वापर कळला की पत्र्यात कुठे काय असायला हवं ते कळतं, आणि जे असायला हवं ते नसलं की शंका घ्यायची.

तुमच्या फोटोत पुढे चोचीसारखं निघालेलं, बेडकाच्या तोंडासारखं शिरस्त्राण आहे. हे 'गेश्टेख' नावाच्या खेळातलं. दोन घोडेस्वार समोरासमोर येऊन बोथट भाल्याने एकमेकांना खाली पाडायचा प्रयत्न करत. भाल्याच्या टोकाला तीन-चार बोथट दाते असलेला मुकुट बसवलेला असे, म्हणजे तो आत न घुसता पकड घेईल. 'रेनन' हा दुसरा प्रकार. त्यात भाल्याचं टोक धारदार, शिरस्त्राण वेगळं आणि ढाल मोठी. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन (१४५९–१५१९) या दोन्ही खेळांचा वेडा होता. त्याने करवून घेतलेलं 'फ्रायडाल' हे २५५ चित्रांचं हस्तलिखित व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. कोणता भाग कसा बांधायचे, हे त्या चित्रांतून फार छान समजतं. जमलं तर आधी ती चित्रं पाहा.

गेश्टेखचं चिलखत युद्धासाठी नव्हतंच. युद्धाचं पूर्ण चिलखत २०–२५ किलोचं, हे ४० किलोच्या आसपास. नुसतं शिरस्त्राणच ८–१० किलोचं, पण ते वजन मानेवर नसे. पुढून छातीच्या पत्र्याला आणि मागून पाठीच्या पत्र्याला ते बोल्टने घट्ट जखडलेलं असे. आत जाड अस्तराची टोपी घालत आणि ती नाड्यांनी शिरस्त्राणाला बांधत, म्हणून शिरस्त्राणात जोडीजोडीने भोकं असतात. शिरस्त्राणात डोळ्यांसाठी एक अरुंद फट असे. स्वार पुढे झुकला तरच त्या फटीतून त्याला दिसे. टक्कर होण्याच्या क्षणी तो सरळ होई आणि फट वर जाई.

छातीचा पत्रा उजवीकडे मुद्दाम सपाट, जवळजवळ पेटीसारखा घडवलेला असतो, कारण तिथे भाला टेकायचा. त्याच बाजूला भाल्याचं वजन पेलणारा आकडा पुढे, आणि एक लांब दांडी मागे काखेखालून गेलेली. भाल्याचं बूड त्या दांडीच्या आकड्याखाली अडकलं की पुढचं टोक खाली कलत नसे. डावीकडे लाकूड आणि चामड्याची छोटी ढाल दोरीने बांधत, तिच्यासाठी पत्र्याला भोकं. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत न वाकणाऱ्या जाड पत्र्यात. उजव्या पंजाला मात्र पत्रा नसे, कारण भाल्यावरची मोठी चकती तो झाकत असे. आणि पायांना चिलखत नसे. तुमच्या फोटोत पायांचे पत्रे आहेत! ते चांगले जुने असू शकतील, पण गेश्टेखचे नाहीत. उभं करताना पुतळा पूर्ण दिसावा म्हणून कुणीतरी दुसरीकडचे आणून जोडलेत.

यात घाबरण्यासारखं काही नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे भाग एकत्र करून उभी केलेली चिलखतं मोठमोठ्या संग्रहालयांतही आहेत आणि पाटीवर तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं. न्यूर्नबर्गच्या शस्त्रागारात गेश्टेखचे संच शहराच्याच मालकीचे असत आणि तिथल्या बड्या घराण्यांतली तरुण मुलं ते वापरत. एकच संच अनेकांनी घातला, म्हणजे भाग बदलले, भोकं नव्याने पाडली, जुनी बुजवली. ही त्या वस्तूच्या आयुष्यातली खरी दुरुस्ती आहे. तिने किंमत कमी होत नाही, माझ्या मते वाढते. त्यातली काही चिलखतं आज तिथल्याच गेर्मानिशेस नाट्सिओनालमुझेउम या संग्रहालयात आहेत. तुम्ही जर्मनीत राहता, तर बोली लावण्यापूर्वी ती प्रत्यक्ष बघाच. तासभर त्यांच्यासमोर उभं राहिलात की फोटोंकडे बघायची नजरच बदलेल.

काळजी करायची ती एकोणिसाव्या शतकाची. त्या काळात युरोपात मध्ययुगाचं प्रचंड वेड होतं. १८३९ साली स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनला जुन्या पद्धतीचा भाल्यांचा खेळ भरवला, त्याला चिलखतं पुरवणारा लंडनचा व्यापारी सॅम्युएल प्रॅट बनावट शिरस्त्राणं विकण्यासाठीही ओळखला जातो. पुढे म्युनिकमध्ये एर्न्स्ट श्मिट याच्या कारखान्यात अतिशय उत्तम प्रतिकृती तयार होत. त्याने त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या, पण नंतरच्या हातांनी त्यांना शतकं चिकटवली. शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांच्यावरही गंज चढला, चामडं कुजलं. आता नुसतं जुनं दिसणं हा पुरावाच राहिलेला नाही.

म्हणून आतली बाजू. हाताने घडवलेल्या पत्र्याची जाडी जागोजागी बदलते. मार बसायचा तिथे जाड, कडेला आणि पाठीकडे पातळ. कारखान्यात रोलरमधून काढलेल्या पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी लागते. जाडी मोजायचं कॅलिपर घेऊन जा आणि निदान छातीच्या पत्र्यावर आठ-दहा ठिकाणी मोजा. आत हातोड्याचे ठसे एकमेकांवर चढलेले, काळसर दिसायला हवेत, कारण आतून घासून गुळगुळीत करायची कुणाला गरज नव्हती. जुन्या लोखंडात मळीच्या, म्हणजे लोखंड काढताना आत राहिलेल्या अशुद्ध अंशाच्या, बारीक रेषा असतात आणि कधी कधी पत्र्याचे पापुद्रे सुटलेले दिसतात. १८५६ नंतरच्या, बेसेमर पद्धतीने कारखान्यात वितळवून केलेल्या पोलादात तशा रेषा दिसत नाहीत. मात्र एकोणिसाव्या शतकातलं घडीव लोखंडही मळीचं असे, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. सांध्यावर वितळलेल्या धातूची सलग वळी दिसली, तर ते विसाव्या शतकातलं वेल्डिंग. जुनी दुरुस्ती आतून ठिगळ ठेवून रिव्हेट मारून केलेली असते.

पत्र्यावर मारलेला शहराचा किंवा कारागिराचा ठसाही पाहा. ऑग्सबर्गचा पाइनच्या बोंडाचा ठसा प्रसिद्ध आहे, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. भोवतीच्या पत्र्यावर गंजाचे खड्डे असतील, तर ते ठशाच्या आतूनही गेलेले दिसले पाहिजेत. खड्ड्यांवर ठसा स्वच्छ बसलेला असेल, तर तो नंतर मारलाय.

आता चमक. पिढ्यान्‌पिढ्या नोकरांनी वाळू, विटेची भुकटी, एमरी (घासायची खरखरीत पूड) घेऊन ही चिलखतं घासली. त्यात निळसर झाक गेली, सोन्याचा मुलामा गेला, आम्लाने कोरलेली नक्षी पुसट झाली, कडांवरचा दोरखंडासारखा पीळ सपाट झाला. गेलेला पत्रा परत आणता येत नाही. तुमच्या फोटोत छातीच्या पत्र्याची वरची कड जवळजवळ गुळगुळीत दिसतेय आणि शिरस्त्राणाची कड मात्र धारदार. दोन्ही एकाच आयुष्यातून आलेली मला वाटत नाहीत. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला थर असता तर मी जास्त खूश झालो असतो. भगवा, बोटाला भुकटी लागणारा गंज चालू असतो, त्याला थांबवावं लागतं. काळा, स्थिर थर राहू द्यायचा.

लिलाववाल्यांकडून लेखी स्थिती-अहवाल मागा. प्रत्येक भागाचं वेगळं वजन, कोणता भाग कोणत्या काळातला वाटतो आणि कोणता नवा बनवलाय, एवढं त्यात हवं. 'नंतरच्या दुरुस्त्या' या दोन शब्दांत अर्धं चिलखत लपू शकतं. क्ष-किरण चित्र काढलेलं असेल तर तेही मागा, बुजवलेली भोकं आणि सांधे त्यात स्पष्ट दिसतात.

पुढेमागे ते पुण्याला न्यायचा विचार तुम्ही लिहिलाय. जर्मनीत २०१६ पासून सांस्कृतिक ठेव्याच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि ठरावीक वय व किमतीपुढच्या वस्तू बाहेर नेताना परवाना लागतो. ते आधीच विचारून घ्या. पावसाळ्यातली आपल्याकडची हवा उघड्या लोखंडाला मानवत नाही. बंद काचेचं कपाट, सिलिका जेल, आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास, आणि पत्र्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. नायट्राइल हातमोज्यांशिवाय हात लावू नका, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उठतात. चिंच, लिंबू, बाजारातलं गंज काढायचं द्रावण यातलं काहीही लावू नका.

पाहणीच्या दिवशी शिरस्त्राण उलटं करून आतले फोटो मागा, छातीच्या पत्र्याची उजवी बाजू आणि तिथली भोकं जवळून टिपा, आणि ठसा असेल तर तिरक्या उजेडात घ्या. ते इथे टाकलेत तर भागाभागाने बघून सांगतो. तोपर्यंत बोली लावू नका.