सोलापुरात घरच्या कॉफीसाठी चार हजारांच्या आत कोणता ग्राइंडर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की घरात दोघंच आहात, रोज सकाळी फिल्टर कॉफी, रविवारी फ्रेंच प्रेस (भरड पूड गरम पाण्यात मुरवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायचं भांडं), आणि दुकानदार दीड हजारांचा इलेक्ट्रिक ग्राइंडर 'खास कॉफीसाठी' म्हणून गळ्यात मारतोय. तो घेऊ नका. त्यात आणि तुमच्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात काही फरक नाही. दोन्हीकडे पातं गरगर फिरतं आणि समोर येईल ती बी फोडतं. काही बियांचं पीठ होतं, काहींचे नुसते तुकडे राहतात. पिठातून कडवटपणा उतरतो, तुकड्यांतून आंबट पाणचट चव, आणि दोन्ही एकाच कपात येतात.

तुम्हाला हवाय तो बर ग्राइंडर. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला तो समजायला सोपा आहे, कारण ते छोटं जातंच असतं. बाहेर दातेरी कडं स्थिर, आत दातेरी शंकू फिरतो; या जोडीलाच बर म्हणतात. मधल्या फटीतून जाण्याइतकी बारीक झाल्याशिवाय बी खाली पडत नाही. फट वाढवली की भरड, कमी केली की बारीक.

चार हजारांत चांगला बर आणि चांगली मोटर दोन्ही बसत नाहीत. पैसे मोटरवर गेले की काटछाट बरवर होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हाताने फिरवायचा घ्या, आणि स्टीलच्या बरचाच घ्या. दीड-दोन हजारांत मिळतात त्यातल्या बहुतेकांचा बर सिरॅमिकचा असतो. तो गंजत नाही हे खरं, पण स्टीलइतका धारदार नसतो, त्यामुळे दळायला वेळ लागतो आणि फ्रेंच प्रेससाठी भरड दळताना चुरा फार पडतो. टाइममोर सी-टू हा हाताने फिरवायचा ग्राइंडर चांगलाच आहे, ३८ मिलिमीटरचा स्टील बर आहे त्याला. पण किंमत तुमच्या बजेटच्या वर जाते. दोन महिने थांबून तो घेता आला तर थांबा. नाहीतर तीन-चार हजारांतला दुसरा स्टील बरचा बघा.

घेताना एक गोष्ट हमखास तपासा. फट मोठी करा, शंकू ज्यावर बसतो त्या मधल्या उभ्या दांड्याचं वरचं टोक धरून आडवं हलवा आणि खालून बरकडे बघा. आतला शंकू डुगडुगला तर ठेवून द्या. शंकू हलला की फट एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होते, मग बर कितीही धारदार असो, दळण एकसारखं पडणार नाही. दांड्याला वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग असेल तर हा त्रास सहसा नसतो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची सोय आहे का ते आधी पाहा, आणि डबा उघडल्या उघडल्या हीच तपासणी करा.

हाताने दळणं कठीण जाईल ही भीती सोडा. फिल्टरसाठी आपण गडद भाजलेल्या बिया घेतो, त्या ठिसूळ असतात. दोघांपुरत्या वीस ग्रॅमला स्टील बरवर मिनिट-दीड मिनिट लागतं, आणि सकाळी लाइट गेली तरी कॉफी अडत नाही.

आमचं घर अर्धं कन्नड, त्यामुळे पितळी फिल्टरशी माझा रोजचा संबंध. दळण बरोबर आहे का हे तोच सांगतो. गरम पाणी ओतल्यावर डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, धारेने खाली आलं आणि रंग चहासारखा असला, तर दळण भरड आहे. अर्ध्या तासानेही वर पाणी तसंच साचलेलं असेल तर फार बारीक. थेंब थेंब पडून पंधरा-वीस मिनिटांत दाट काळं उतरलं पाहिजे. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) हवी असेल तर तिची तयार पूड दळून झाल्यावर मिसळा, ग्राइंडरमध्ये घालू नका. ती हवेतली ओल धरते आणि दातांना चिकटून बसते.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत, विशेषतः मार्च ते मे, दळताना स्थिर वीज तयार होते आणि पूड डब्याला, ओट्याला, हाताला चिकटते. उपाय सोपा आहे: चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून झटका आणि त्याने बिया ढवळा, मग दळा. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासलं, आणि थोड्या ओलाव्याने ही वीज कमी होते असंच त्यांना दिसलं. मात्र बर पाण्याने धुवू नका, स्टील गंजतं. आठवड्यातून एकदा ब्रशने झाडा. तांदूळ दळून साफ करा असंही कोणी सांगेल. कच्चा तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कडक असतो, त्या वाटेला जाऊ नका.

ग्राइंडर येईपर्यंत मिक्सर चालेल. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, परत फिरवा, आणि रव्याच्या चाळणीने चाळून घ्या. चिकमंगळूर किंवा कूर्गच्या बिया मागवताना पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, पाव किलोच्या वर घेऊ नका, आणि उन्हाळ्यात डबा गॅसजवळ ठेवू नका.

नवा ग्राइंडर आला की दांडा अडेपर्यंत फट बंद करा, तो तुमचा शून्य. तिथून फट जुळवायची चकती फिरवताना होणारा एकेक क्लिक मोजत उघडा आणि फिल्टरचा आकडा, फ्रेंच प्रेसचा आकडा डब्यावर लिहून ठेवा.