शाळेतल्या कार्यशाळेत लाइन फॉलोअर ऐनवेळी अडकतात, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी सातवी-आठवीच्या मुलांना लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरच्या काळ्या पट्टीमागे आपोआप धावणारा छोटा रोबोट, शिकवायला जातात. कॉलेजात सगळे रोबोट नीट धावतात, शाळेत निम्मे अडकतात. कोडला हात लावू नका. आधी बॅटरी आणि उजेड बघा.

9 व्होल्टची चौकोनी बॅटरी असेल तर आजच काढा. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. चाकांच्या दोन्ही बीओ मोटर (पिवळ्या प्लास्टिक गिअरच्या छोट्या मोटर) एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो (रोबोट चालवणारा कंट्रोलर बोर्ड) रिसेट होतो आणि रोबोट जागच्या जागी झटके देत राहतो. मुलांना मात्र वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, हे फार वाईट. त्याऐवजी स्विच असलेल्या होल्डरमध्ये दोन 18650 सेल (चार्ज होणारे दंडगोल लिथियम सेल) सिरीजमध्ये लावा, म्हणजे 7.4 व्होल्ट. एल298एन ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा बोर्ड) स्वतःच सुमारे 2 व्होल्ट खातो. उरलेले मोटरला पुरतात. बॅटरीचं निगेटिव्ह, ड्रायव्हरचं आणि आर्डुइनोचं ग्राउंड एकत्र आहे ना, हे प्रत्येक रोबोटवर तारेवर बोट ठेवून तपासा. सुटे लिथियम सेल मुलांकडे देऊ नका, शॉर्ट झाले तर भाजतं.

सेन्सर जमिनीवरून परत येणाऱ्या इन्फ्रारेडवरून (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) पट्टी ओळखतो, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. खिडकीतून ऊन ट्रॅकवर पडलं की सेन्सरला काळी पट्टीसुद्धा पांढरी दिसते. म्हणून ट्रॅक सावलीत अंथरा, सेन्सर जमिनीपासून 5 ते 10 मिलिमीटरवर बसवा आणि टेप चकचकीत घेऊ नका.

सेन्सर जुळवणं त्याच खोलीत, मुलांच्याच हातून होऊ द्या. सेन्सर पांढऱ्या कागदावर धरायचा, मॉड्यूलवरचा छोटा पोटेन्शिओमीटर (संवेदनशीलता कमी-जास्त करणारा स्क्रू) स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू फिरवायचा; पांढऱ्यावर एलईडी लागला आणि पट्टीवर विझला की झालं (काही मॉड्यूलमध्ये उलट). तुमचे विद्यार्थी इथेच घाई करतात, मुलाच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतात. त्यांना स्पष्ट सांगा, हात मागे बांधून प्रश्न विचारायचे: ‘आत्ता एलईडी का लागला?’ एका रोबोटमागे तीन मुलं पुरेत. पाच झाली की दोघं नुसती बघत बसतात.

मोटरचे तांब्याचे पातळ टॅब दोन-तीनदा वाकले की तुटतात. तार सोल्डर करून वर हॉट ग्लूचा थेंब द्या आणि दोन जादा मोटर सोबत ठेवा. रोबोट शाळेला देणार असाल तर एका शिक्षकांकडून सेल चार्ज करणं, सेन्सर जुळवणं आणि तुटलेली तार जोडणं तिथेच करवून घ्या, नाहीतर पहिली तार तुटली की रोबोट कपाटात जातो.