नवीन क्लायंट पहिल्या भेटीत बोलतच नाहीत, त्यांना बोलतं कसं करायचं?

तुमचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, झालंय, पुढच्या महिन्यात फिल्डवर जायचंय आणि पहिल्या मुलाखतीची धास्ती वाटतेय, असं लिहिलंय तुम्ही. मी कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात बरीच वर्षं हेच काम करते. पहिलं सांगते, फॉर्म पिशवीतच राहू द्या.

सुरुवातीला एका बिडी वळणाऱ्या बाईकडं मी पेन काढूनच गेले होते, नाव, वय, उत्पन्न, बीपीएल कार्ड हाय का. तिला वाटलं योजनेचा सर्व्हे आलाय. नवऱ्याच्या दारूचं विचारलं तर "न्हाई बाई, तसलं काय न्हाई". दुसऱ्यांदा रिकाम्या हातानं गेले, समोर न बसता शेजारी बसले आणि तिची पानं कापू लागले, वाकडीतिकडी, ती हसली. अर्ध्या तासानं मान वर न करता, हात चालूच, सगळं सांगितलं. डोळ्याला डोळा लावून बसले असते तर सांगितलं नसतं बघा. फॉर्म शेवटच्या दहा मिनिटांत, तिला विचारून भरला.

प्रश्न कसा विचारता यावर बरंच आहे. "नवरा मारतो का?" याला "नाही" हेच उत्तर, त्यात सासू ऐकायला बसलेली असली तर विचारूच नका. त्यापेक्षा "संध्याकाळी ते घरी आले की काय काय होतं?" असं विचारा आणि गप्प बसा, मनात दहा मोजा, आपल्यालाच ती शांतता सोसवत नाही. "पोलिसात का गेला नाहीत?" हे तर नकोच, तिला वाटतं चूक माझीच. "तेव्हा काय आडवं आलं?" म्हणा. ती 'तरास' म्हणत असेल तर आपणही त्रासच म्हणायचं, 'कौटुंबिक हिंसाचार' ऑफिसच्या रिपोर्टात.

दारू पिणाऱ्याशी बोलायचं असेल तर मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांची मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची पद्धत, म्हणजे माणसाला स्वतःलाच बदलावंसं वाटेल असं बोलणं, जरूर शिका, मिलरनं 1983 मध्ये ती पहिल्यांदा मांडली तीच मुळी दारूच्या कामातून. त्यात सुटेल असं किती वाटतं ते सांगायला शून्य ते दहाची पट्टी असते, आमच्याकडं म्हाताऱ्यांना ती कळत नाही म्हणून मी आण्यात विचारते, सोळा आण्यातलं किती वाटतंय सुटंल म्हणून? एकजण म्हणाला चार आणे. मग विचारायचं, चार का, दोन का नाही? (इथं मात्र 'का' चालतं, कारण आपण कमी धरलं की तोच दारू सुटण्याच्या बाजूनं बोलायला लागतो.)

भाषेचं सांगायचं राहिलं. घरात मराठी, फॉर्म कन्नडात, तेव्हा अंगठा घेण्याआधी काय लिहिलंय ते तोंडी सांगा. आणि घरातल्या पोराला दुभाषी करू नका, आईची तसली गोष्ट त्याच्या तोंडून नको.

"कुणालाच सांगणार नाही" असा शब्दही देऊ नका. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो, म्हणजे 2012 च्या कायद्यानं कळवावंच लागतं, हे बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगायचं, नंतर सांगितलं तर तो दगाच.

आणि उठताना "परत येऊ का, कुठल्या वारी?" एवढं विचारा. ती बिडीवाली म्हणाली होती, "बाजारादिवशी ये की बाई, सासू घरात नसतीया."