‘आमची कुठल्याच क्लबात नाही, मग फॉर्ममध्ये लिहायचं काय?’

परदेशातल्या कॉलेजांचे फॉर्म भरणाऱ्या बारावीतल्या मुलांचे पालक जून-जुलैपासून हा प्रश्न घेऊन सल्ल्याला येतात. प्रश्न बहुधा आईचा असतो आणि घाई वडिलांची. इथली केस पुण्यातल्या एका मुलीची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सायन्स, इंटिग्रेटेड ज्युनिअर कॉलेज, गणित पक्कं, अमेरिकेत संख्याशास्त्र शिकायची इच्छा. आर्थिक मदत मिळाली तरच जायचं, हे घरात आधीच ठरलेलं. आई घरून डबे देते, वडील नोकरीत.

आईच्या मैत्रिणीचा मुलगा इंटरनॅशनल शाळेत. डिबेट, रोबोटिक्स, मॉडेल युनायटेड नेशन्स, शिवाय कसल्याशा क्लबचा अध्यक्ष. ‘आमच्या हिने दहावीनंतर काही म्हणजे काही केलं नाही हो. चारचौघांत तोंड उघडत नाही. पर्सनॅलिटीच नाही,’ हे आई म्हणाली तेव्हा मुलगी शेजारच्याच खुर्चीत बसली होती. वडिलांनी एका एजंटाकडून सहा महिन्यांत ‘प्रोफाइल’ तयार करून देण्याचा भाव काढून आणला होता. त्यात एक एनजीओ, एक शोधनिबंध आणि दोन ऑनलाइन प्रमाणपत्रं येणार होती.

आधी हे सगळं लागतं कुठे, ते बघू. महाराष्ट्रातल्या सीईटीच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीत, क्लबांना शून्य किंमत आहे. नीटलाही तसंच. जेईईच्या बाबतीत आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून कलावंत मुलांसाठी थोड्या जागा वेगळ्या ठेवल्या आहेत, पण त्यांनाही जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत यावंच लागतं. ब्रिटनच्या यूकॅस या सामाईक अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांची उत्तरं मिळून ४,००० अक्षरांत द्यायची असतात, आणि वाचणाऱ्याला मुख्यतः विषयाची आवड बघायची असते. तिथे संख्याशास्त्राला जाणाऱ्या मुलीच्या नृत्याच्या पदकांवर कोणी फार रेंगाळत नाही. खरा प्रश्न येतो तो अमेरिकेच्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे तिथल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच सामाईक अर्जात. आपल्याकडच्या काही खासगी विद्यापीठांच्या अर्जातही तो असतो, पण कमी कडक.

कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त १० उपक्रम लिहिता येतात. प्रत्येकासाठी प्रकार, पद किंवा भूमिका (५० अक्षरं), संस्थेचं नाव (१०० अक्षरं), वर्णन (१५० अक्षरं), नववी ते बारावीपैकी कोणत्या इयत्तेत केलं, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, एवढं भरायचं. अक्षरांत मधली मोकळी जागाही मोजली जाते. मानसन्मानाच्या ५ ओळी वेगळ्या. हे आकडे म्हणजे कमाल मर्यादा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वतंत्र अर्जात उपक्रम आणि बक्षिसं मिळून २० नोंदी चालतात. उलट एमआयटी आपल्या अर्जात चारच उपक्रम विचारते. दहाच्या दहा चौकटी भरल्याच पाहिजेत, असा नियम कुठेही नाही.

कॉमन ॲपचा फॉर्म ज्या अमेरिकी शाळांवरून बेतला गेला, त्यांचा दिवस दुपारी तीनच्या सुमारास संपतो आणि मग त्याच इमारतीत क्लब सुरू होतात. शाळेचाच एखादा शिक्षक त्यांचा सल्लागार असतो. आपल्या मुलांना तीन वाजता क्लासची बस पकडायची असते. इंटिग्रेटेड कॉलेजात तर क्लासचं वेळापत्रक हेच कॉलेजचं वेळापत्रक, तिथे एनएसएससुद्धा नसतं. म्हणून आपली मुलं ‘काहीच करत नाही’ म्हणतात, कारण त्यांनी जे केलं त्याला कोणी क्लब म्हटलेलं नसतं. फॉर्मच्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ अशा दोन सरळ नोंदी आहेत. पालकांनी त्या वाचलेल्याच नसतात.

मुलीला फॉर्म दाखवलाच नाही. कोऱ्या कागदावर एका साध्या आठवड्याचे सात दिवस आखायला सांगितले, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. मग तीच गोष्ट जुलै, गणपतीचे दिवस, दिवाळीची सुट्टी आणि मे महिन्यासाठी. क्लास आणि झोप पेन्सिलीने, उरलेलं पेनाने. आई खोलीबाहेर थांबली. ती असती तर प्रत्येक चौकट तिनेच भरली असती.

पेनाने निघालं ते असं. रोज सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास आईच्या डब्यांचं काम, रविवार सोडून. म्हणजे आठवड्याला साडेसात तास. महिन्याच्या शेवटी बिलांचे तीन तास धरले तर सरासरी आठ. परीक्षा आणि दिवाळी वगळून वर्षाचे ४६ आठवडे. नववीपासून. दुसरं, ढोल-ताशा पथकात ताशा: सराव सुरू झाल्यापासून विसर्जनापर्यंत ११ आठवडे, सहा दिवस रोज दोन तास, म्हणजे आठवड्याला १२ तास. दहावी आणि अकरावीत. त्यातही अकरावीला नव्या वादकांना हात, म्हणजे वाजवायचे ठेके, शिकवायचं काम तिच्याकडे. तिसरं, धाकट्या भावाचा गणिताचा अभ्यास. चौथं, नववीतली चित्रकला. शिवाय आणखी दोन लहान गोष्टी.

‘पथक लिहायचं?’ असं तिने विचारलं, कारण घरी ‘दहावीच्या वर्षात नसते उद्योग’ म्हणून त्यावरून वादावादी झालेली. ताशाबद्दल विचारल्यावर ही न बोलणारी मुलगी वीस मिनिटं बोलली. नवे वादक मिरवणुकीच्या जोशात लय वाढवतात, आणि ताशा पळाला की मागचे सगळे ढोल पळतात. म्हणून ती नव्यांना आधी वाजवूच देत नाही, नुसते हात तोंडाने म्हणायला लावते. मग मांडीवर, मग ताशावर. कोण कुठे चुकतं हे तिने वहीत लिहून ठेवलं होतं. पुढे तिच्या अर्जातल्या निबंधाला विषय मिळाला तो याच वहीतून.

आता १५० अक्षरांचं कसब. डब्यांबद्दल तिने पहिल्यांदा लिहिलं ते असं: ‘मी माझ्या आईला तिच्या व्यवसायात मदत करते आणि त्यातून मला वेळेचं नियोजन व जबाबदारी शिकायला मिळाली.’ यातून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. ‘मदत करते’ म्हणजे नेमकं काय? पोळ्या लाटतेस? ‘नाही, हिशेब बघते.’ कसला हिशेब? २२ डबे, त्यातले काही दोन्ही वेळचे, काही फक्त रात्रीचे. ज्याने आदल्या दिवशी कळवून डबा बंद ठेवला त्याचा खाडा धरायचा, न कळवता बंद ठेवला तर धरायचा नाही. पूर्वी हे वहीत असायचं आणि महिनाअखेर खाड्यांवरून भांडणं व्हायची. तिने स्प्रेडशीट केली आणि खाडा नोंदला की ग्राहकाला त्याच दिवशी मेसेज जायला लागला. भांडणं जवळपास थांबली.

दुसरा खर्डा: ‘रोज २२ डब्यांची नोंद, खाडे वजा करून महिन्याची बिलं, वहीऐवजी स्प्रेडशीट, खाड्याचा मेसेज त्याच दिवशी, त्यामुळे बिलांचे वाद कमी.’ फॉर्ममध्ये हे इंग्रजीत गेलं, ‘मी’ गाळून, प्रत्येक तुकडा क्रियापदाने सुरू करून. काय शिकायला मिळालं ते या चौकटीत लिहायचं नसतं. तेवढी जागा नाही आणि ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं. आणि संख्याशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर नेमकं काय हवं, हाही प्रश्न इथेच सुटला.

भूमिकेच्या ५० अक्षरांत ‘मदतनीस’ न लिहिता ‘हिशेब आणि बिलं सांभाळते’ असं लिहिलं. पथकासाठी ‘ताशावादक, नव्या वादकांची प्रशिक्षक’. संस्थेच्या चौकटीत पथकाच्या नावापुढे ‘गणेशोत्सवातलं तालवाद्यांचं पथक’ एवढी ओळख जोडली, कारण तिथल्या वाचकाला ताशा ठाऊक नसतो. हीच काळजी एनसीसी, एनएसएस, गांधर्वच्या परीक्षा यांबाबत घ्यावी. आद्याक्षरं उलगडून लिहा, आणि परीक्षा असेल तर ती कितव्या वर्षाची हे सांगा.

तिच्या यादीतून काही गोष्टी गळल्याही. एलिमेंटरीची ग्रेड आठवीतली, म्हणून बाद. सहावीतली होमी भाभा परीक्षा बाद. तीच नववीत दिली असती तर मानसन्मानात बसली असती. इंटरमिजिएटची ‘अ’ श्रेणी नववीतली, ती मानसन्मानात गेली. एका दिवसाचं वृक्षारोपण आणि दोन तासांच्या वेबिनारचं प्रमाणपत्र तिने स्वतःच काढून टाकलं. शेवटी सहा चौकटी भरल्या, चार रिकाम्या राहिल्या. वडिलांना त्या चार चौकटींनी आठवडाभर झोप लागू दिली नाही.

एजंटाच्या एनजीओबद्दल त्यांना एवढंच दाखवलं: ती नोंद फॉर्ममध्ये कशी दिसेल. पद ‘संस्थापक’, इयत्ता फक्त बारावी, आठवड्याला दोन तास, वर्षाला सहा आठवडे. शिक्षकांच्या पत्रात त्या एनजीओचा उल्लेख नाही, निबंधात नाही. वाचणाऱ्याच्या हातात हंगामभर अशा अर्जांचे ढीग असतात. शेवटच्या वर्षी अचानक उगवलेला संस्थापक त्याला लांबून ओळखू येतो. त्याहून वाईट म्हणजे खऱ्या नोंदींवरही मग संशय येतो. तासांची बेरीज हाही असाच सापळा आहे. दहा उपक्रमांपुढे प्रत्येकी १२ तास लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात: आठवड्याला १२० तास, वर कॉलेज, वर क्लास. झोपतात कधी?

आता पर्सनॅलिटी. आईच्या डोक्यात पर्सनॅलिटी म्हणजे स्टेजवर धीटपणे बोलणं. कॉमन ॲपच्या शिक्षक-मूल्यमापनात ज्या गुणांपुढे खूण करायची असते, त्यात नेतृत्व आहे. पण त्याच यादीत शिस्तबद्ध सवयी, प्रगल्भता, प्रामाणिकपणा, इतरांची काळजी, अपयशाला दिलेला प्रतिसाद आणि पुढाकारही आहे. बुजऱ्या मुलांचे गुण त्या यादीत भरपूर आहेत, फक्त ते शिक्षकांना माहीत असायला हवेत. शंभर-सव्वाशेच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला गणिताचे सर नावाने ओळखत असतील तर नशीब! म्हणून ज्यांच्याकडून शिफारसपत्र हवं त्या दोन शिक्षकांना प्रत्येकी एक पान द्यायचं. त्यात वर्गातला एखादा प्रसंग, कोणता धडा अडला आणि कसा सुटला, आणि वर्गाबाहेर काय करते त्याच्या तीन ओळी. ‘हुशार, आज्ञाधारक, भविष्यासाठी शुभेच्छा’ या साच्यातलं पत्र टाळायचा दुसरा उपाय नाही. पत्र मुलांनीच लिहून सरांनी सही करायची, ही आपल्याकडची पद्धत मात्र सोडा. एकाच हातची भाषा निबंधातही असते आणि पत्रातही, आणि ती ओळखू येते. व्यक्तिमत्त्व चाचणीत आलेली चार आद्याक्षरं निबंधात लिहू नका. त्यांचा उपयोग फार तर घरात गप्पा सुरू करायला.

कॉलेजकडून लागणारे कागद हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. अमेरिकेत बहुतेक शाळांत कौन्सेलर असतो, त्याने भरायचा अहवाल आपल्याकडे उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक भरतात, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. त्यांच्यासोबत बसून एक-दीड पानाचं ‘स्कूल प्रोफाइल’ तयार करावं: बोर्ड कोणतं, बारावीला किती विद्यार्थी, गुण कसे दिले जातात, कॉलेजात कोणते उपक्रम आहेत आणि कोणते नाहीत. ‘या अभ्यासक्रमात विद्यार्थी क्लबांची सोय नाही’ हे एक वाक्य कॉलेजच्या कागदावर आलं की मुलीच्या रिकाम्या चौकटींचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. उरलेलं अर्धं अर्जातल्या ‘अतिरिक्त माहिती’त, जिथे २०२५-२६ पासून ३०० शब्दांची मर्यादा आहे. तिने तिथे चार वाक्यं लिहिली: सकाळी किती वाजता कॉलेज, किती वाजता सुट्टी, मधे किती तास क्लास. तक्रारीचा सूर नाही.

वेळापत्रकात घोटाळा होतो तो दिवाळीमुळे. फॉर्म १ ऑगस्टला उघडतो. अनेक कॉलेजांची पहिली मुदत १ नोव्हेंबर, नंतरची जानेवारीच्या सुरुवातीला. १ नोव्हेंबरच्या आगेमागे आपली कॉलेजं दिवाळीसाठी बंद असतात, ऑफिसात क्लार्क नसतो, उपप्राचार्य गावी. त्यामुळे शिक्का, सही, गुणपत्रकं आणि शिक्षकांची पत्रं सहामाही परीक्षेच्या आधी, म्हणजे सप्टेंबरअखेर मार्गी लावायची. जानेवारीची मुदत धरली तर पुढे फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा असतेच.

त्या वर्षी पथकात जायचं की नाही, यावर घरात पुन्हा खडाजंगी झाली. तोडगा निघाला तो तिच्याकडूनच: सरावाला फक्त शनिवार-रविवार, नव्यांना शिकवायला, मिरवणूक एकच. आठवड्याला चार तास. तेवढेच फॉर्ममध्ये लिहायचे. पण मागचे १२ आणि यंदाचे ४ यांची सरासरी एका आकड्यात बसवावी लागते. ती आठवड्यांच्या हिशेबाने काढायची, अंदाजाने नाही. दहावीचे ११ आठवडे, अकरावीचे ११, यंदाचे ८: एकूण २९६ तास भागिले ३० आठवडे, म्हणजे जवळपास १०. हे गणित तिनेच मांडलं आणि वडिलांपुढे ठेवलं.

निघताना आईने आठवीतल्या धाकट्याबद्दल विचारलं: त्याला आत्तापासूनच क्लबात घालू का? घालू नका. त्याला जे आवडतं ते नववीत सुरू असलं तर दर रविवारी एका वहीत तारीख, काय केलं आणि किती वेळ, एवढं लिहायला लावा. प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी त्यावरचं नाव तपासा. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव गायब, कुठे स्पेलिंगच वेगळं. पासपोर्टवर जसं नाव आहे तसं नसेल तर दुरुस्ती लगेच मागा. तीन वर्षांनी ते आयोजक सापडत नाहीत.