गुडघ्याला सूज असताना पाय अजिबात हलवू नये का?

दोन महिन्यांपासून उजवा गुडघा दुखतोय, संध्याकाळी सुजतो आणि घरचे म्हणतात पाय हलवू नकोस, असं तुम्ही लिहिलंय. मीही तेच ऐकलं. तीन आठवडे गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहिले. सूज थोडी उतरली, पण उठले तेव्हा पाय लटपटत होता आणि गुडघा पूर्ण सरळ होईना.

फिजिओथेरपिस्टने टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. दुखऱ्या पायाची मांडी चक्क बारीक झाली होती. सांध्यात पाणी साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा इशाराच मंदावतो. स्नायू ढिला पडतो, भार सांध्यावर येतो आणि सांधा पुन्हा पाणी धरतो. हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं! त्यात उशीमुळे गुडघा सतत वाकलेला राहिला, तो आखडला.

पण आधी कारण शोधा. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. पोटरी सुजून दुखत असेल, पायावर भार देता येत नसेल किंवा गुडघा मध्येच अडकत असेल तरी थांबू नका. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर आमवाताचा विचार करावा लागतो. झिजेत तो सहसा लवकर सुटतो.

यातलं काही नसेल तर डॉक्टरांना विचारून हे करा: पाय लांब करून बसा, गुडघा खाली दाबत मांडी आवळा, पाच आकडे मोजून सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमू लागलं की पाय सरळ ठेवून वीतभर उचला. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर प्रमाण कमी करा, बंद मात्र करू नका. बर्फ कापडात गुंडाळून 15 मिनिटं. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका, पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडतात.

वजन जास्त असेल तर एक किलो घटलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा. काठी घेतलीत तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध, म्हणजे तुमच्या डाव्या हातात.