फॉर्म हुकला म्हणजे मुलाचा हक्क गेला असं नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सगळे सिटिझन आहात, फेब्रुवारीत इझलिनहून एडिसनला घर बदललंत, न्यू जर्सी फॅमिलीकेअरचं (राज्याच्या सरकारी आरोग्य विम्याचं) रिन्युअलचं पाकीट जुन्या पत्त्यावर गेलं आणि 30 एप्रिलला चौघांचं कव्हरेज बंद झालं. आता नऊ वर्षांच्या मुलाचं इन्सुलिन आणायला गेलात तर फार्मसीवाला म्हणाला इन्शुरन्स ॲक्टिव्ह नाही. मिस्टरांचा पगार वाढून वर्षाला 52 हजार डॉलर्स झालाय, ऑफिसचा इन्शुरन्स नाही, म्हणून तुम्हाला वाटतंय की आता अर्ज करून काही उपयोग नाही.

उपयोग आहे. आधी नोटीस नीट वाचा, त्यात कारण काय लिहिलंय? "फॉर्म परत आला नाही" एवढंच असेल तर तुम्ही अपात्र ठरलाच नाहीयात, तपासणीच झालेली नाही. आणि अशा वेळी फेडरल नियमाने बंद झाल्यापासून 90 दिवस मिळतात, म्हणजे तुमच्यासाठी 29 जुलैपर्यंत. तोच रिन्युअल फॉर्म भरून दिलात तर नवा अर्ज लागत नाही. पण मुलगा इन्सुलिनवर आहे, तेव्हा जुलैची वाट बघू नका, उद्याच पाठवा, सोबत मागच्या चार आठवड्यांच्या पे स्टब्ज आणि नव्या घराचं लीज जोडा.

आता पगाराचं. इथेच बहुतेक लोक चुकतात, कारण घरातल्या सगळ्यांना एकच लिमिट असतं असं धरून चालतात. मोठ्यांना उत्पन्न फेडरल पॉव्हर्टी लेव्हलच्या (सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या) 138 टक्के, म्हणजे 2025च्या आकड्यांनी चौघांच्या घराला साधारण 44 हजार डॉलर्स, तिथे तुम्ही दोघं बाहेर पडता हे खरंय. पण न्यू जर्सीत 19 वर्षांखालच्या मुलांना 355 टक्क्यांपर्यंत मिळतं, ते चौघांसाठी 1 लाख 14 हजारांच्या आसपास जातं, त्यामुळे दोन्ही मुलं आरामात बसतात. आईवडिलांचं गेलं म्हणून मुलांचंही गेलं हा हिशेब कायद्यात नाही, प्रत्येकाची पात्रता वेगळी बघावी लागते. 2023 मध्ये बऱ्याच राज्यांच्या सिस्टिम घरातल्या एकाचा कागद अडला की सगळ्यांना काढत होत्या, केंद्राने कान पिळल्यावर 30 राज्यांमधल्या जवळपास 5 लाख लोकांचं कव्हरेज परत आलं, त्यात मुलं खूप होती. मला अजूनही त्याचा राग येतो, कारण चूक सिस्टिमची आणि औषधाविना राहणार लहान मूल.

नोटिशीवर फेअर हिअरिंग (निर्णयाविरुद्धची सुनावणी) मागायची शेवटची तारीख छापलेली असते, ती उलटली नसेल तर तेही लेखी मागून ठेवा, फॉर्म पाठवला म्हणून तो हक्क जात नाही.

इन्सुलिन संपत आलं असेल तर फॉर्मच्या निकालासाठी थांबू नका. लिली, नोव्हो नॉर्डिस्क आणि सनोफी तिघांच्याही विमा नसलेल्यांसाठी महिन्याला 35 डॉलर्सच्या स्कीम आहेत, फार्मसीत ब्रँड सांगून विचारा. आणि खिशातून जे भराल त्याची प्रत्येक पावती जपा. फॅमिलीकेअरमध्ये दोन गट असतात. मुलगा मेडिकेड गटात (कमी उत्पन्नाच्या घरांसाठी) बसला तर मागच्या तीन महिन्यांपर्यंतची बिलं कव्हर करून मागता येतात (2027 पासून हा काळ कमी होतोय), चिप गटात (त्याहून थोडं जास्त उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी) बसला तर मागचं मिळत नाही. तुमच्या पगारावर चिपचीच शक्यता जास्त वाटते, म्हणूनच एकेक दिवस महत्त्वाचा.

तुम्ही दोघं मात्र लगेच गेट कव्हर्ड न्यू जर्सीवर (विमा विकत घेण्याच्या राज्याच्या वेबसाइटवर) जा. कव्हरेज गेल्यापासून निदान 60 दिवस, म्हणजे 29 जूनपर्यंत प्लॅन घेता येतो, या पगाराला हप्त्यात मदतही मिळते. ही तारीख गेली तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (दरवर्षीच्या ठरलेल्या नोंदणीच्या काळापर्यंत) थांबावं लागू शकतं. आणि ओव्हरटाइम धरून खरा पगारच लिहा, कमी दाखवू नका.

फॉर्म फॅक्स केलात तर कन्फर्मेशनचा कागद ठेवा, काउंटी ऑफिसात हातोहात दिलात तर तारखेचा शिक्का मारून घ्या. तीन आठवड्यांत काही कळलं नाही तर तो कागद घेऊन मला परत लिहा.