पांढऱ्या पाटीवर भाडं मारावं का?

प्रश्न : माझ्या मुलाची कंपनी बंद पडली. कर्जावर घेतलेली सात आसनी गाडी दारात उभी आहे. ओळखीच्या माणसांना तो पुण्याच्या विमानतळावर, कधी पंढरपूरला नेतो; डिझेल आणि वर ठरलेले पैसे घेतो. ‘घरच्या गाडीला कसलं परमिट? फार तर दंड भरू,’ म्हणतो. त्याला काय सांगू? – एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी दंडाचं सांगतो. परमिट नसताना भाडं मारलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ प्रमाणे पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मला त्याहून मोठी काळजी विम्याची वाटते. खाजगी गाडीची पॉलिसी काढून वाचा. गाडी भाड्यासाठी वापरायची नाही, अशी अट त्यात असते. अपघात झाला तर कंपनी त्याच अटीवर बोट ठेवते, आणि जखमींची भरपाई मालकाच्या गळ्यात पडू शकते. मोटार वाहन निरीक्षक असताना अपघातातल्या गाड्या तपासायला मी जात असे. मागे बसलेल्याच्या जबाबात ‘इतके रुपये ठरले होते’ एवढं आलं, की मालकाच्या घरातली माणसं खालीच बसत. त्यांचा मुलगाही तुमच्या मुलासारखा कष्टाळूच असायचा.

शेजारच्या आजींना रात्री छातीत दुखू लागलं, तर मात्र गाडी बेलाशक काढू दे. आजारी-जखमी माणसाला तातडीने नेण्यासाठी या कलमात सूट आहे. सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवावं लागतं, इतकंच.

आता टी पासिंग, म्हणजे गाडीची भाड्याची गाडी म्हणून नोंदणी. ड्रायव्हर सोडून सहा माणसं बसतात, म्हणजे ही गाडी टॅक्सीतच मोडते. गाडीवर कर्जाचा बोजा आहे, त्यामुळे पहिलं पत्र बँकेच्या ना-हरकतीचं. मग कराडच्या आरटीओत अर्ज, कर, खाजगी गाडीच्या पांढऱ्या पाटीऐवजी भाड्याच्या गाडीची पिवळी नंबरपाटी, परमिट आणि व्यावसायिक विमा. हा विमा महाग पडतो, पण मागे बसलेल्या माणसाला आधार त्याचाच. गाडीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि धोक्याचं बटणही बसवावं लागेल. फिटनेसची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

लायसन्सवर वेगळा ‘ट्रान्सपोर्ट’ शेरा लागतो, असं एजंट सांगेल. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला तो लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं म्हटलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बॅज, म्हणजे प्रवासी वाहन चालवणाऱ्याचा बिल्ला, मात्र राज्याच्या नियमांप्रमाणे काढावा लागतो. त्यासाठी पोलीस पडताळणी होते.

महिन्याकाठी एखादंच भाडं मिळत असेल तर हा खर्च परवडणार नाही. मग पैसे घेणं आजच थांबवावं. पोटापाण्यासाठीच गाडी चालवायची असेल, तर उद्या बँकेत अर्ज देऊ दे. पिवळी पाटी लागेपर्यंत आलेलं भाडं गावातल्या टी परमिटवाल्याकडे वळवायला सांगा.